गिंबल घेतलं तो हिवाळा

माझ्या अक्षराबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर मी शाळेत गेले नाही, आणि वेलांटी पहिली की दुसरी हे मला चौथीतही कधी नक्की कळलं नव्हतं. त्यानंतरचं माझं लिहिणं म्हणजे भाजीच्या पाटीवर खडूनं लिहिलेला भाव, तोही ओळीत येत नाही. ही वही माझ्या मुलीची, सविताची, शाळेतली आहे. पुढच्या पानांवर तिचा भूगोल आहे, मागची पानं कोरी राहिली होती. कुणाला दाखवायची नाही. पण कोपऱ्यात जे उभं आहे त्याच्याशी रोज मनात बोलण्यापेक्षा एकदा लिहून टाकावं असं वाटलं.

कोपऱ्यात उभा आहे तो कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड. त्याच्यावर गिंबल, म्हणजे लेन्स तोलून धरणारा लोखंडी हात, आणि गिंबलावर कॅमेरा आणि हातभर लांबीची लेन्स. धूळ बसू नये म्हणून वर माझी जुनी साडी टाकली आहे. उंची बरोबर आमच्या मालकांच्या खांद्याएवढी. मालक म्हणजे माझा नवरा, नाव मी घेत नाही. सकाळी दार उघडलं की उजेड आधी त्या साडीवर पडतो आणि मी दचकते. वर्ष झालं तरी दचकते.

थंडी मला आधी वजनांतून कळते. चिंचोळी एमआयडीसीच्या अलीकडं आम्ही दोन खोल्यांत राहतो. पाळी सुटायच्या वेळेला मी फाट्यावर भाजी घेऊन बसते. बाकीच्यांनी बटणाचे काटे घेतले, माझ्याकडं अजून आईनं दिलेला हातातला तराजू आहे. दिवाळी मागं पडली की एके दिवशी अर्ध्या किलोचं वजन उचलताना ते बोटांना चावतं. मग मेथीच्या मुळांना चिकटलेली माती सुद्धा गार लागते. कुठूनतरी कोवळ्या ज्वारीचा वास येतो, हुरड्याची भट्टी लागलेली असते. आणि मला कळतं, पाखरं आली असतील.

हे पाखरांचं मला कुठलं माहीत! आम्ही आभाळात फिरणाऱ्या सगळ्यांनाच घार म्हणायचो. मालक पूर्वी लग्नात फोटो काढायचे. दोन दिवे, एक छत्री, नवरानवरीला हनुवटी वर करायला लावायची. मग ज्याच्या त्याच्या हातात फोन आला आणि दुकान बंद झालं. त्यांनी कारखान्याच्या गेटवर वॉचमनची नोकरी धरली. कारखान्याच्या मागं माळ आहे, कुंपणापासून पार ओढ्यापर्यंत नुसतं गवत. एकदा सकाळी पाळी संपवून आले ते चपला न काढताच बोलायला लागले.

"आगं, घार न्हाय ती. घार उंच फिरती. हे गवताला शिवून जातंय बघ. पांढरंफेक. आन् आवाज न्हाय पंखाचा."

"भूत असंल," मी म्हटलं.

"भूत असंल तर भुताचा फोटू काढतो."

त्याचं नाव भोवत्या, हे त्यांना बँकेतून रिटायर झालेल्या एका साहेबांनी सांगितलं. ते साहेब रविवारी माळावर यायचे. भोवत्या म्हणे लांबच्या थंड मुलखातून येतो, हिवाळाभर राहतो आणि उन्हं तापली की परत जातो. साहेबांची पाठ धरली आणि वजन उचलवेना, तेव्हा त्यांनी आपली मोठी लेन्स मालकांना निम्म्याच्याही निम्म्या किमतीत देऊन टाकली. मालकांनी ती घरी आणली ती टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या लेकराला आणावं तशी.

पण तोवर त्यांचे हात थरथरायला लागले होते. आधी उजवा, मग दोन्ही. चहाचा कप बशीत वाजायचा. सरकारी दवाखान्यात गोळ्या दिल्या, गोळ्यांनी झोप यायची, हात तसेच. त्या लेन्समधून काढलेले फोटो त्यांनी मला कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत दाखवले. एकात गवत. एकात गवत आणि कडेला एका पंखाचं टोक. एकात नुसती सावली. पाखरू येऊन गेलं आणि फोटो मागं राहिला, असं प्रत्येक वेळी. जुना स्टँड होता, पण त्याच्या डोक्यावर लोखंडी गोळ्यावर फिरणारं मुंडकं होतं. ढिलं केलं की लेन्स धाडकन खाली मान टाकायची, आवळलं की हलायचीच नाही. एकदा त्यात त्यांचं बोट चेंगरलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"गिंबल पायजे," ते म्हणाले. "त्यात लेन्स पाळण्यात ठेवल्यासारखी ऱ्हाती. वजन त्याच्यावर. आपण नुसतं बोट लावायचं."

पुढच्या सकाळी त्यांनी विचारलं, "तुझ्या तराजूत हे बसंल का?" कोणतं गिंबल किती किलो पेलतं ते बघून घ्यावं लागतं म्हणे. बोहनीच्या आधी तराजूत असलं काही टाकायचं नाही हे मला आईनं शिकवलेलं. तरी टाकलं. एका पारड्यात कॅमेरा आणि लेन्स, दुसऱ्यात दोन किलो, एक किलो, मग पाव. काटा मधोमध उभा राहीना, म्हणून शेवटी एक वांगं टाकलं. काटा उभा राहिला.

"सव्वातीन किलो आन् एक वांगं," मी म्हटलं.

ते इतके हसले की त्यांचा थरथरणारा हात आणि हसणारं अंग यातला फरक मला कळेना. त्या दिवशी धंदा काही झाला नाही. आता वाटतं, बोहनीच्या आधी केलेलं ते वजन पुढंही भोवलं.

नवी पेठेतल्या कॅमेऱ्याच्या दुकानात मी पहिल्यांदाच गेले. काचेला हात लागू नये म्हणून पदर आवरून उभी राहिले. दुकानदारानं आधी एक गिंबल फोटोतच दाखवलं. साठ हजारांचं. मालकांनी मान हलवून ते पान उलटलं, वाईट बातमी उलटावी तसं. मग दोन खरोखरची काउंटरवर ठेवली. एक साडेपाच हजारांचं, एक साडेअकराचं. दोन्ही काळी, दोन्ही सारखीच दिसणारी, इंग्रजी एलच्या आकाराचा लोखंडी हात आणि त्याला झुलणारी पट्टी. साडेअकराच्या गिंबलाचा एका बाजूचा रंग खरवडला होता.

"दोन्ही आठ किलो पेलत्यात," दुकानदार म्हणाला. "स्वस्तातलं न्या की मामा. तुमाला काय रोज जंगलात जायचंय?"

मालकांनी स्वस्तातलं हातात घेतलं. मला बोलायचं नव्हतं. अनोळखी माणसासमोर माझा आवाज बाहेर येत नाही. म्हणून मी नुसतं बोट लावलं. दोन्ही गिंबलांच्या चाव्या ढिल्या करायला मालकांना खुणावलं आणि पट्टीला एका बोटानं ढकललं. स्वस्तातली पट्टी आधी हललीच नाही, मग एकदम सुटली, आणि बोट काढल्यावर थोडी मागं आली. गंजलेल्या कडीचं पारडं असंच करतं. असल्या तराजूनं माल घेऊ नये. दुसऱ्याला बोट लावलं तशी ती पट्टी पाण्यावरून जावी तशी गेली आणि जिथं बोट थांबलं तिथं थांबली. बाजूनं हलवून बघितलं. कुठं खिळखिळं नव्हतं. मी पुन्हा ढकललं. पुन्हा थांबली.

"वैनी, भाजी न्हाय ती, टोचून बघायला," दुकानदार हसला.

"बघू द्या तिला," मालक म्हणाले. "तिचा काटा खोटं बोलत न्हाय."

मी साडेअकरावाल्यावर बोट ठेवलं. मालकांनी किंमत परत विचारली, दुकानदारानं परत सांगितली, आणि आम्ही हात हलवत बाहेर आलो. बसमध्ये ते खिडकीकडं तोंड करून बसले होते. दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवलेले, थरथर दिसू नये म्हणून. कारखान्याच्या भिंती मागं पळत होत्या. "लोक काय फोटूवाचून मरत्यात व्हय," ते म्हणाले. मी मनात ठरवून टाकलं होतं.

आमच्या वस्तीत बायकांचा बचत गट आहे. रुक्माक्का त्याची अध्यक्ष. पान खाल्लेलं तोंड, मोठा आवाज, डोळ्यांतून काही सुटायचं नाही. कर्जाचं कारण वहीत लिहावं लागतं. शेळी, म्हैस, दुकान, शाळेची फी, दवाखाना. नवऱ्याला भोवत्याचा फोटो काढायचा आहे असं कारण त्या वहीत कधी कुणी लिहिलं नसेल. मी मान खाली घालून म्हटलं, "शिलाई मशीन." बारा हजार मिळाले, अठरा हप्त्यांत फेडायचे.

घरी दुसरं खोटं सांगावं लागलं. गटाचं कर्ज म्हटलं असतं तर मालकांनी पैसे परत नेऊन दिले असते. म्हणून म्हटलं, वळसंगहून माझ्या आईनं दिले, शेळी विकून. "तुज्या आईचं देणं मी ठेवनार न्हाय," ते एवढंच म्हणाले.

लेन्स गिंबलावर बसवायची म्हणजे नुसतं ठेवून चालत नाही. पुढं-मागं सरकवून अशी जागा शोधावी लागते की चाव्या ढिल्या असल्या तरी ती मान टाकणार नाही. थोडी पुढं गेली तर नाक खाली, मागं गेली तर नाक वर. त्यांना ते जमेना, हात थांबतच नव्हते. मग मी सरकवली, केसाएवढी, अजून केसाएवढी. एका जागी ती उभी राहिली. खाली बघायला लावली तर खालीच बघत राहिली, आभाळाकडं लावली तर आभाळाकडं. मालकांनी त्या जागेवर पांढऱ्या रंगाची खूण केली. रंगाचा ठिपका हललेला आहे. तो अजून तसाच आहे.

त्यानंतरच्या सकाळी मी त्यांच्याबरोबर माळावर जायची. स्टँड माझ्या खांद्यावर, कॅमेरा त्यांच्या गळ्यात. गवत गुडघ्यापर्यंत, दवानं लुगडं जड व्हायचं. पायाखालून भुर्र करून काहीतरी उडायचं आणि मी स्टँडसकट मागं सरायची. मग ते बोट वर करायचे. बोट थरथरायचं, पण दिशा कळायची. एकदा गवताच्या वर वीतभर, राखेच्या रंगाचं, पंख वर धरून ते पाखरू येत होतं. इकडं कललं, तिकडं कललं. त्याला जमिनीवर काहीतरी हरवलेलं सापडत नव्हतं. मालकांचा हात गिंबलाच्या दांड्यावर होता. हात थरथरत होता आणि लेन्स थरथरत नव्हती. ती पाखराबरोबर सावकाश वळत होती. इतकं सोपं काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं. कॅमेऱ्याचा आवाज होत राहिला. येताना वाटेत ते म्हणाले, "चांगलं निवडलंस."

त्याच महिन्यात पोटमाळ्यावरचा त्यांचा लग्नाच्या फोटोंचा मोठा दिवा दिसेनासा झाला. विचारलं तर म्हणाले, दिलाय एकाला वापरायला.

माघात ते गेले. सकाळी माळावरून एकटेच आले, मी भाजी निवडत होते. स्टँड कोपऱ्यात उभा केला, चहा अर्धा प्याले, छातीत कळ आली म्हणाले आणि भिंतीला टेकले. रिक्षा येईपर्यंत संपलं होतं. कप बशीत वाजला नाही, तेव्हाच मला कळलं.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. एरवी तिथं कावळ्यांची कटकट असते. त्या दिवशी एकही खाली उतरेना. बाभळीवर पाच-सहा बसले होते, बघत होते. माणसं पाळीपाळीनं सांगायला लागली. सविताला अंतर देणार नाही, असं जावई म्हणाले. बायकोला सांभाळू, दीर म्हणाले. कावळे हलले नाहीत. कुणीतरी म्हणालं, "जल्मभर पाखरामागं फिरला, आन् आता पाखरू याईना." कुणाला हसू आलं, त्यानं ते दाबलं. मला माहीत होतं काय राहिलंय. माझ्या आईचं देणं डोक्यावर घेऊन ते गेले होते, आणि ते देणं खोटं होतं. शेळी वळसंगला दावणीलाच होती. मी मनातल्या मनात म्हटलं, मी खोटं बोलले, पैसे गटाचे आहेत, मी सगळे फेडीन. कावळा आला नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला शिववला.

तेव्हापासून तो स्टँड मला नुसता स्टँड वाटत नाही. गिंबलाची खालीवर करायची चावी कितीही आवळली तरी आठ-पंधरा दिवसांत सैल पडते. थंडीत लोखंड आकसत असेल. पण चावी सैल पडली म्हणून लेन्सनं मान टाकायला नको, खुणेवर बसवलेली आहे ती. तरी साडी उचलली की तिचं नाक जमिनीकडं झुकलेलं दिसतं. मी सरळ करते. पुन्हा झुकतं. मान खाली घालून काहीतरी विचारणाऱ्या माणसासारखं.

सविता सासरहून, बार्शीहून, आली की म्हणते, "आई, विकून टाक. लेन्सचे बरे पैसे येतील. तू एकटी, तुला काय करायचंय?" गिऱ्हाईकही आलं होतं एकदा. मी दिलं नाही. फेडल्याशिवाय ते माझं नव्हतं, आणि दुसऱ्याची वस्तू विकायची कशी? सविताला यातलं काही सांगता येईना. तिनं कॅमेऱ्यातले फोटो मला एकेक करून दाखवले. शेवटच्या सकाळचे. भोवत्या येतो, प्रत्येक फोटोत मधोमध, डोळा पिवळा, पंखाची टोकं काळी. मग तो गवतात उतरतो. त्यानंतर अकरा फोटो नुसत्या गवताचे आहेत. पाखरू नाही, पंखाचं टोक नाही. लेन्स हललेली नाही, अकराही फोटोंत तेच गवत. "काय बघत होते गं बाबा?" सवितानं विचारलं. मी ते अकरा फोटो पुष्कळदा बघितले. गवतच आहे.

हप्ते चालू होते. दर महिन्याला गटाची बैठक रुक्माक्काच्या ओसरीवर, आणि दर महिन्याला रुक्माक्काचा एकच प्रश्न. "काय गं वच्छे, माजं पोलकं कवा शिवतीस?" माझं नाव वत्सला. बायका तोंडाला पदर लावायच्या. मी म्हणायची, शिकतेय अजून. एकदा तिनं कापडच हातात दिलं. घरी आणून मी रडले. मग चौकातल्या शिंप्याकडं नेलं, शिलाई दिली आणि माझं म्हणून तिला नेऊन दिलं. तिनं घालून बघितलं, आरशात वळून बघितलं. "हात लई चांगला बसलाय की तुजा," म्हणाली. पुढच्या महिन्यात आणखी दोघींनी कापडं दिली. तीही मी शिंप्याकडूनच शिवून घेतली. भाजीत सुटलेले पैसे शिलाईत जात होते. एक खोटं पोसायला एवढा खर्च येतो हे मला ठाऊक नव्हतं.

गेल्या आठवड्यात वर्षश्राद्ध झालं. पान ठेवलं. कावळा आला नाही, कुत्रं आलं.

काल बैठक होती. पंधरावा हप्ता. मी पैसे पुढं केले. अजून तीन महिने, असं मनात मोजत होते, आणि कर्ज फिटलं की सगळ्यांसमोर खरं सांगायचं हे वर्षभर ठरवून ठेवलं होतं. पण का कोण जाणे, कालच तोंडातून निघून गेलं. "अक्का, मी मशीन घेतलीच न्हाय."

मग रुक्माक्का हसायला लागली ती खोकला येईपर्यंत.

"आगं बये! त्यो शिंपी वीस वर्सं माजी पोलकी शिवतोय. त्याची टीप मला कळत न्हाय व्हय? तुज्या घरातनं मशीनची खटखट कवा कुणी ऐकली?"

"मग पोलकं कशाला मागत हुता?"

"तू कवा सांगतीस ते बघत हुतो." मग तिनं पान थुंकलं आणि आवाज खाली आणला. "आन् पैशे आता आणू नगंस. फिटलं तुजं."

"तीन ऱ्हायलेत, अक्का."

"न्हाय ऱ्हायले. तुज्या मालकानं भरलेत."

मला वाटलं ती माझी चेष्टा करतेय. तिनं वही उलटी केली, मागचं पान काढलं. तिनं सांगितलं, मालक त्या हिवाळ्यात वळसंगला गेले होते, आईला पैसे परत देतो म्हणून सांगायला. शेळी दावणीला उभी होती. तिला चारा टाकून, आईला काही न बोलता ते परत आले आणि पैसे गटाचेच असणार हे ओळखून तडक रुक्माक्काकडं गेले. मग लग्नातला दिवा विकला आणि तीन हप्त्यांचे पैसे एकदम आणून दिले. "म्हनला, शेवटचं तीन म्हनून धरा, आन् तिला कळू देऊ नगा. तिला खोटं बोलायची सवं न्हाय, तेवढं एक ऱ्हाऊ द्या तिच्यापाशी. तोंडानं सांगंल तवा सांगा." रुक्माक्कानं डोळे पुसले. "म्हनून मागत हुतो गं पोलकं."

म्हणजे दहाव्याला मी जे मनात कबूल केलं ते त्यांना आधीच माहीत होतं. मग कावळा शिवू न देता ते कशासाठी थांबले होते ते मला कळलं नाही. बाभळीवरचे कावळे आठवले, आणि ते अकरा फोटो.

रुक्माक्कानं बोट ठेवून दाखवलं. त्या पानावर तीन हप्त्यांच्या आकड्यापुढं त्यांची सही होती. प्रत्येक अक्षर थरथरलेलं, शेवटची रेघ कागदावरून घसरून पार कडेला गेलेली. ती सही करताना त्यांना किती वेळ लागला असेल, आणि रुक्माक्कानं दुसरीकडं बघितल्यासारखं केलं असेल, ते सगळं मला त्या रेघेत दिसलं.

"हितं खाली कर सही," ती म्हणाली. "पुरी फेड म्हनून."

मी पेन घेतलं. माझं अक्षर चांगलं नाही. पण त्यांच्या सहीखाली ते सावकाश काढलं, हात कुठं हलू दिला नाही. रुक्माक्कानं त्याखाली आडवी रेघ ओढली, बारा हजारांवर फुली मारली आणि वही मिटली.